वाचकांचे प्रश्न : पाळी गेल्यानंतर अंडाशयात होणाऱ्या दुर्मीळ गाठी

रजोनिवृत्तीनंतरच्या तक्रारींविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे एकाच आजारगटाकडे बोट दाखवणारी आहेत. अंडाशयाच्या आधारऊतीतून, म्हणजे डॉक्टर ज्याला स्ट्रोमा म्हणतात त्या भागातून आणि बीजाभोवतीच्या पेशींतून वाढणाऱ्या गाठींचा हा गट आहे. गाठी दुर्मीळ असल्याने त्यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रलेखकांच्या विनंतीनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत आणि त्यांची पाळी ४९व्या वर्षी गेली. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले. शेजारच्या बायका म्हणाल्या, उष्णता झाली असेल, धण्या-जिऱ्याचे पाणी द्या. सोनोग्राफी केली तेव्हा उजव्या अंडाशयात सहा सेंटिमीटरची भरीव गाठ दिसली आणि गर्भपिशवीचे अस्तर ११ मिलिमीटर जाड असल्याचे कळले. रक्ताची सीए-१२५ तपासणी १४ आली. एका डॉक्टरांनी सांगितले की मार्कर नॉर्मल आहे, तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू. दुसऱ्यांनी ऑपरेशन करायला सांगितले. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दुसऱ्या डॉक्टरांचे ऐकावे, मात्र ऑपरेशनच्या आधी गर्भपिशवीच्या अस्तराची बायोप्सी झालीच पाहिजे, आणि रक्ताची एक वेगळी तपासणीही करून घ्यावी. याची कारणे सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रातल्या एका गैरसमजामुळे अनेक घरांत मोलाचे महिने वाया जातात.

सीए-१२५ ही तपासणी अंडाशयाच्या बाहेरच्या आवरणाशी नाते असलेल्या कर्करोगांसाठी उपयोगी पडते. अंडाशयाचे सुमारे ९० टक्के कर्करोग याच प्रकारचे असल्यामुळे हा मार्कर घरोघरी माहीत झाला आहे. परंतु अंडाशयात बीज सांभाळणाऱ्या आणि संप्रेरके तयार करणाऱ्या पेशीही असतात. त्यांच्यापासून ज्या गाठी होतात, त्यांचे प्रमाण अंडाशयाच्या एकूण गाठींमध्ये पाच ते आठ टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यांत सीए-१२५ बऱ्याचदा अगदी नॉर्मल राहतो. म्हणून १४ हा आकडा पाहून भरीव गाठ निर्धोक ठरवता येत नाही.

तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : पाळी गेल्यानंतर १२ वर्षांनी रक्तस्राव, जाड झालेले अस्तर आणि अंडाशयात भरीव गाठ. पाळी गेली की अंडाशयातील इस्ट्रोजेनची निर्मिती जवळजवळ थांबते आणि अस्तर पातळ होत जाते. पाळी गेलेल्या स्त्रीला रक्तस्राव झाला आणि अस्तर चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते. ११ मिलिमीटर अस्तर याचा अर्थ असा की कुठून तरी इस्ट्रोजेन मिळत असण्याची दाट शक्यता आहे. त्या बाईंनी संप्रेरकाच्या गोळ्या घेतलेल्या नसतील, तर संशय त्या गाठीवरच जातो. इस्ट्रोजेन तयार करणाऱ्या अशा गाठी मुख्यतः दोन असतात. पहिली थेकोमा. ती प्रामुख्याने पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये, बहुधा एकाच बाजूला होते आणि जवळजवळ नेहमी साधी असते. दुसरी ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ. ती कर्करोगातच मोडते, पण सावकाश वाढणारी असते आणि पन्नाशीच्या आसपास सर्वाधिक आढळते.

आता अस्तराच्या बायोप्सीविषयी. प्रोजेस्टेरॉनचा लगाम नसताना सतत इस्ट्रोजेन मिळत राहिले, तर अस्तर नुसते जाड होऊन थांबत नाही. ग्रॅन्युलोसा गाठ असलेल्या स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींमध्ये अस्तराची अतिवाढ सापडते आणि साधारण पाच ते दहा टक्के जणींमध्ये अस्तराचाच कर्करोग सापडतो. बायोप्सी न करता केवळ अंडाशय काढले आणि पिशवीतला कर्करोग तसाच राहिला, तर ती मोठी चूक ठरेल. ही बायोप्सी अनेकदा बाह्यरुग्ण विभागात बारीक नळीने काही मिनिटांत होते. नळीने पुरेसा नमुना मिळाला नाही, तर दुर्बिणीने पाहून क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून काढणे, करावे लागते.

रक्ताची वेगळी तपासणी म्हणजे इनहिबिन बी, हे ग्रॅन्युलोसा पेशी तयार करतात ते संप्रेरक, आणि शक्य असल्यास इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार. पाळी गेलेल्या स्त्रीच्या रक्तात इनहिबिन बी जवळजवळ नसतेच, म्हणून ते वाढलेले आले तर त्याला अर्थ असतो. ऑपरेशनच्या आधीचा आकडा हाताशी असला, की पुढच्या प्रत्येक तपासणीत तुलना करता येते. गाठ काढून झाल्यावर ही संधी परत येत नाही, आणि हा आकडा घ्यायचा राहून गेल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे.

गाठीत सुई घालून नमुना काढू देऊ नये. अशी गाठ अखंड, कवच न फुटता बाहेर येणे महत्त्वाचे असते, कारण ऑपरेशनच्या वेळी ती फुटली तर पहिल्याच टप्प्यातला आजार एका पायरीने वर गणला जातो आणि तो पुन्हा उलटण्याचा धोका वाढतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचे असेल तर गाठ पोटातच पिशवीत बंद करून बाहेर काढतात. तुकडे करून काढणे येथे चालत नाही. या वयात साधारणपणे दोन्ही अंडाशये, नलिका आणि गर्भपिशवी काढतात. या गटातल्या गाठी लसिकाग्रंथींत क्वचितच पसरतात, त्यामुळे त्या ग्रंथी सरसकट काढण्याची गरज नसते. ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शन करतात, त्यात गाठीचा तुकडा गोठवून अर्ध्या तासाच्या आसपास प्राथमिक निष्कर्ष देतात. मात्र थेकोमा, फायब्रोमा (आधारऊतीतली तंतूंची साधी गाठ) आणि ग्रॅन्युलोसा यांतला फरक त्या घाईत नेहमी कळत नाही. अंतिम रिपोर्ट येईपर्यंत धीर धरावा लागेल. स्त्रियांच्या कर्करोगांची शस्त्रक्रिया नेहमी करणारे सर्जन मिळत असतील तर त्यांच्याकडेच जावे.

पोटात एकाएकी जोराची कळ आली तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. अशा गाठीला पीळ पडू शकतो, आणि ग्रॅन्युलोसा गाठीत आतल्या आत रक्तस्राव होऊन ती फुटूही शकते.

याच संदर्भात एक गोष्ट इतर वाचकांसाठीही सांगते. अंडाशयातली भरीव गाठ सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या फायब्रॉइडसारखी, म्हणजे पिशवीच्या स्नायूतल्या साध्या गाठीसारखी, दिसू शकते. फायब्रॉइड पाळी गेल्यावर आकसतात. त्यामुळे साठीच्या स्त्रीच्या रिपोर्टवर नव्याने फायब्रॉइड असे आले किंवा जुना फायब्रॉइड वाढत चालला, तर एमआरआय करून तो नक्की पिशवीचा आहे की अंडाशयाचा, हे पाहून घ्यावे.

प्रश्न : वय ५९. सहा-सात महिन्यांत हनुवटीवर आणि गालांवर दाट केस आले आहेत, कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस विरळ झाले आहेत आणि आवाज इतका जाड झाला आहे की भजनी मंडळात मी आता मागच्या रांगेत बसते. मुलगी म्हणते, वय झाले की असे होतेच, लेझर करून घे. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशये नॉर्मल आहेत. टेस्टोस्टेरॉन मात्र २६० आले आहे. हे सांगायला फार लाज वाटते.
— एक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : ताई, यात लाजण्यासारखे काहीही नाही. तुम्ही हे लिहून पाठवलेत, हे फार बरे केलेत. पाळी गेल्यानंतर हनुवटीवर चार-दोन राठ केस येणे सर्रास घडते आणि त्यासाठी कोणत्याही तपासणीची गरज नसते. तुमचे चित्र वेगळे आहे. बदल काही महिन्यांत झपाट्याने झाले आहेत आणि आवाजही बदलला आहे. आवाज बदलणे, कपाळ मागे सरकणे, योनिद्वाराजवळचा लहान उंचवटा मोठा होणे ही पुरुषी संप्रेरक बऱ्याच प्रमाणात वाढल्याची लक्षणे आहेत आणि ती वयावर ढकलता येत नाहीत. पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये टेस्टोस्टेरॉन दीडशे-दोनशे नॅनोग्रॅमच्या वर गेले, की गाठ आहे का याचा शोध घ्यावाच लागतो. सर्वप्रथम हीच तपासणी चांगल्या प्रयोगशाळेत पुन्हा करून आकडा पक्का करावा.

त्यानंतर डीएचईए-सल्फेट या मुख्यतः अॅड्रिनल ग्रंथीत बनणाऱ्या संप्रेरकाची तपासणी करतात. ते फार वाढलेले असेल तर मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीकडे लक्ष जाते आणि सीटी स्कॅन करतात. ते नॉर्मल आणि टेस्टोस्टेरॉन एवढे वाढलेले असेल, तर उगम अंडाशयात असण्याची शक्यता अधिक. घरात कोणी पुरुष टेस्टोस्टेरॉनचे जेल अंगाला लावत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण स्पर्शातून ते दुसऱ्याच्या शरीरात जाते.

आता सोनोग्राफीबद्दल. अंडाशयातल्या लायडिग पेशींची, म्हणजे टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींची, गाठ नेमकी याच वयात होते. रक्तवाहिन्या अंडाशयात जिथे शिरतात त्या जागी ती वाढते आणि अनेकदा एक ते तीन सेंटिमीटरचीच असते. एवढी लहान, आजूबाजूच्या ऊतीत मिसळून गेलेली गाठ चांगल्या सोनोग्राफीतही निसटते. म्हणून नॉर्मल सोनोग्राफीवर समाधान मानू नका, एमआरआय करून घ्या. कधी कधी एमआरआयमध्येही काही दिसत नाही. तरीही रक्ताचे आकडे अंडाशयाकडेच बोट दाखवत असतील, तर या वयात दोन्ही अंडाशये दुर्बिणीने काढणे हेच निदान आणि हाच उपचार ठरतो. लायडिग पेशींची गाठ बहुतेक वेळा साधी असते, हे आवर्जून सांगते.

आणखी एक शक्यता आहे, ती गाठीची नाही. हायपरथेकोसिस या अवस्थेत दोन्ही अंडाशयांच्या आधारऊतीतील पेशी जास्त टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात. तिची वाढ सहसा वर्षानुवर्षे सावकाश होते, आणि लठ्ठपणा, मधुमेह यांची साथ बऱ्याचदा असते. तुमच्या पत्रातला वेग पाहता मला गाठीची शंका जास्त वाटते, पण पत्रावरून निदान करणे योग्य नाही, ते तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (संप्रेरकांच्या आजारांच्या तज्ज्ञांनी) आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी मिळून करावे. जाताना हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाबाच्या नोंदी सोबत न्या. टेस्टोस्टेरॉन दीर्घकाळ वाढलेले राहिले तर हिमोग्लोबिन गरजेपेक्षा जास्त वाढू शकते.

लेझर नंतर करावे. मूळ कारण तसेच ठेवून लेझर केले तर पैसे जातील आणि केस पुन्हा येतील. गाठ निघाल्यावर टेस्टोस्टेरॉन काही दिवसांतच खाली येते, केसांची वाढ पुढच्या काही महिन्यांत मंदावते. आवाजाच्या बाबतीत मात्र खोटी आशा देणार नाही : स्वरतंतू एकदा जाड झाले की आवाज पूर्वीसारखा होईलच असे नाही. यासाठीच पुढची तपासणी या आठवड्यात करावी.

प्रश्न : माझ्या मावशीच्या पोटात आणि उजव्या फुप्फुसाभोवती पाणी झाले, अंडाशयात मोठी भरीव गाठ निघाली, सीए-१२५ चारशेच्या वर गेले. आम्हाला शेवटचा टप्पा असल्याचे सांगण्यात आले आणि थेट केमोथेरपी सुरू करणार होते. दुसरीकडे ऑपरेशन केले तर गाठ फायब्रोमा निघाली आणि पाणी आपोआप गेले. असे कसे होऊ शकते?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या मावशींना जे झाले त्याला मेग्ज सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतील बॉस्टनचे स्त्रीरोगतज्ज्ञ जो व्हिन्सेंट मेग्ज यांनी १९३७ मध्ये आपले सहकारी कॅस यांच्यासोबत अशा सात रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. अंडाशयातला साधा फायब्रोमा, पोटात पाणी आणि छातीत, बहुधा उजव्या बाजूला, पाणी अशी ही त्रयी आहे. गाठ काढली की दोन्हीकडचे पाणी ओसरते आणि परत येत नाही. फायब्रोमा ही अंडाशयाच्या आधारऊतीतील सर्वांत जास्त आढळणारी गाठ असली, तरी मेग्ज सिंड्रोम त्यांपैकी सुमारे एक टक्का रुग्णांतच होतो. त्यात सीए-१२५ वाढू शकतो, कारण पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास झाला की तो मार्कर वाढतो, मग त्या त्रासाचे कारण कोणतेही असो.

पहिल्या डॉक्टरांना वाटलेली शंका गैर नव्हती. पाळी गेलेल्या स्त्रीच्या पोटात पाणी, अंडाशयात गाठ आणि वाढलेला मार्कर असेल, तर पसरलेल्या कर्करोगाची शक्यता खरोखरच आधी पाहावी लागते. पण शंका आणि निदान यांत अंतर आहे, आणि केमोथेरपीचा पहिला डोस देण्यापूर्वी कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या असल्या पाहिजेत. पोटातले व छातीतले पाणी तपासले आणि त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत, स्कॅनमध्ये पोटाच्या पडद्यावर किंवा इतर अवयवांवर गाठी दिसत नाहीत, आणि अंडाशयातली गाठ एकाच बाजूची, भरीव, गुळगुळीत कडांची आहे, तर फायब्रोमाचा विचार झालाच पाहिजे. एमआरआयमध्ये तंतूंनी भरलेली ही गाठ काळपट दिसते, त्याचाही उपयोग होतो.

आपल्या देशात आणखी एका आजाराचा विचार करावा लागतो, तो म्हणजे पोटाचा क्षयरोग. त्यातही पोटात पाणी होते, सीए-१२५ शेकड्यांत जातो, वजन घटते, आणि कर्करोगच झाला असे वाटून घरातले हादरून जातात. म्हणून ज्यांच्या घरात अशी वेळ येईल त्यांनी डॉक्टरांना न संकोचता विचारावे : कर्करोगाच्या पेशी कोणत्या नमुन्यात दिसल्या, तो रिपोर्ट आम्हाला दाखवाल का? हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाच्या घरच्यांना पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी, वयाच्या ६४व्या वर्षी, माझे ऑपरेशन झाले. रिपोर्टमध्ये अॅडल्ट ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर, टप्पा १-ए असे होते. केमोथेरपी दिली नाही. डॉक्टर म्हणतात, आयुष्यभर तपासणी करत राहा. परदेशात असलेला मुलगा म्हणतो, कोणताही कर्करोग पाच वर्षांनी बरा झाला असे मानतात. शिवाय माझ्या दोन मुलींनीही काही तपासणी करून घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. तुमचा आजार पहिल्या टप्प्यात, कवच अखंड असताना निघाला, त्यामुळे केमोथेरपी न देण्याचा निर्णयही योग्य होता आणि पुढची वाटचाल चांगली असण्याची शक्यता फार मोठी आहे. पहिल्या टप्प्यातल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणी पाच वर्षांनंतर हयात असतात. पण पाच वर्षांचा जो हिशेब इतर अनेक कर्करोगांना लावतात, तो या गाठीला लागू पडत नाही. ती सावकाश वाढते आणि उशिरा उलटते. दहा, पंधरा, क्वचित वीस वर्षांनंतरही ती पोटात परत आल्याच्या नोंदी आहेत. लवकर सापडली तर पुन्हा ऑपरेशन करून ती काढता येते आणि त्यानंतरही स्त्रिया अनेक वर्षे चांगल्या राहतात. मुलाला हे असे समजावून सांगा.

आता चार वर्षे झाली आहेत, तेव्हा साधारणपणे सहा महिन्यांनी ते वर्षाने प्रत्यक्ष तपासणी आणि इनहिबिन बी पुरेसे असते. नेमके अंतर तुमचे डॉक्टर ठरवतील. इनहिबिन शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत करा, नाहीतर आकड्यांची तुलना फसवी होते. आकडा चढू लागला किंवा पोटात नवीन त्रास सुरू झाला तर सीटी किंवा एमआरआय करतात. दरवर्षी हौसेने स्कॅन करण्याची गरज नाही. अंगातून वाफा येतात म्हणून कोणी इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुचवल्या, तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा.

माझा आग्रह एका गोष्टीसाठी विशेष आहे. तुमच्या गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेला ब्लॉक, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी, वर क्रमांक लिहिलेली प्लॅस्टिकची लहान चौकट, पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेली असते. काही वर्षांनी जागेअभावी असे ब्लॉक नष्ट केले जातात. लेखी अर्ज करून तो ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या आणि उन्हापासून दूर, थंड कपाटात ठेवा. रिपोर्टवरचे नाव बरोबर आहे ना, याची खात्री पुढे कधीही त्याच ब्लॉकवरून करता येते. ग्रॅन्युलोसा पेशींच्या केंद्रकांवर कॉफीच्या बीसारखी खाच असते, त्यावरून पॅथॉलॉजिस्ट त्या ओळखतात. पण थेकोमा आणि ग्रॅन्युलोसा यांची गल्लत अनुभवी डोळ्यांकडूनही होऊ शकते. कॅनडातील व्हँकुव्हरच्या संशोधकांच्या नेतृत्वाखाली २००९ मध्ये असे दिसून आले की प्रौढ वयातल्या जवळजवळ सर्व ग्रॅन्युलोसा गाठींमध्ये फॉक्सएल-२ या जनुकात एकाच ठिकाणी एकाच अक्षराचा बदल असतो. रिपोर्टविषयी शंका असेल तर ब्लॉकवर ही चाचणी करून घेता येते. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत बाहेरच्या स्लाइड्स व ब्लॉक पुन्हा तपासून मत देतात. ज्यांच्या रिपोर्टमध्ये नावापुढे प्रश्नचिन्ह किंवा 'शक्यता' असा शब्द आहे, त्यांनी ही सोय जरूर वापरावी.

मुलींविषयी काळजी करू नका. फॉक्सएल-२ मधला तो बदल गाठीच्या पेशींपुरता असतो, तो आईकडून मुलीकडे जात नाही, आणि स्तनाचा व अंडाशयाचा नेहमीचा कर्करोग काही घराण्यांत ज्यांच्यामुळे चालत येतो त्या बीआरसीए जनुकांशीही या गाठीचा संबंध नाही. तुमच्या आजारामुळे त्यांनी जनुकचाचणी करण्याचे कारण नाही. तुमच्या माहेरी किंवा सासरी स्तनाचा अथवा अंडाशयाचा नेहमीचा कर्करोग अनेक जणींना झालेला असेल तर तो विषय वेगळा, आणि त्यासाठी वेगळा सल्ला घ्यावा. या गटातल्या सर्टोली-लायडिग नावाच्या गाठीत मात्र डायसर-१ या जनुकातला दोष घराण्यात चालत आलेला असू शकतो, त्यामुळे ज्यांच्या रिपोर्टवर ते नाव आहे त्यांनी मुलींना घेऊन जनुक-समुपदेशकांना भेटावे.